ऑटिझम : सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, या विषयावर सोलापुरात पालक, आजी-आजोबा, शिक्षक आणि शेजारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांतील काहींची उत्तरे येथे दिली आहेत. थोडे प्रश्न वैद्यकीय आहेत आणि थोडे कायद्याचे. मात्र बहुतेक प्रश्न मुलाविषयी कमी आणि भोवतालच्या लोकांविषयी जास्त असल्याने उत्तरांचा भरही तिकडेच आहे.

ऑटिझम म्हणजे नेमके काय?

ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतील, जन्मापासून असणारी भिन्नता आहे. इतरांशी संवाद साधण्याची वेगळी पद्धत, ठरावीक गोष्टींची तीव्र आवड, त्याच त्या हालचाली, ठरलेल्या क्रमाची ओढ आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांची कमी-अधिक तीव्र जाणीव ही त्याची मुख्य लक्षणे होत. अमेरिकेत काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, तरी त्यापूर्वी १९२५ मध्येच सोव्हिएत रशियातील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी असेच वर्णन केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारणपणे १२७ व्यक्तींपैकी एक ऑटिस्टिक होती. म्हणजे सोलापुरातील एखाद्या मोठ्या शाळेत अशी अनेक मुले असणारच, मग त्यांचे निदान झालेले असो वा नसो.

दोन ऑटिस्टिक मुले एकमेकांसारखी असतीलच असे नाही. एखादा मुलगा अजिबात बोलत नाही, तर दुसरा सोलापूर स्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक न थांबता सांगतो. पण त्याच मुलाला 'काय रे, कसा आहेस?' या साध्या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाते. काहींना सोबत बौद्धिक अक्षमता किंवा फिट्स असतात, काहींना यांपैकी काहीच नसते.

हा आजार पूर्ण बरा होतो का?

ऑटिझम हा ताप किंवा कावीळ यांसारखा येऊन जाणारा आजार नव्हे, त्यामुळे तो 'बरा करणारे' औषध नाही आणि तसे औषध असल्याचा दावा करणाऱ्यांपासून दूर राहणे हिताचे आहे. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि विशेष शिक्षण यांचा उपयोग होतो, तो मुलाला आपले म्हणणे मांडता यावे, स्वतःची कामे स्वतः करता यावीत आणि त्याचा त्रास कमी व्हावा यासाठी. झोप न लागणे, फिट्स येणे किंवा अतिचिंता यांवर डॉक्टर औषधे देतात. ती त्या-त्या त्रासासाठी असतात.

स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या, नावाखाली लाखो रुपये मागितले जातात, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखी मान्य कारणे वगळता स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. घर किंवा दागिने गहाण ठेवून हा उपचार घेण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो सल्ला तेथेच नाकारावा.

यात आईचा काही दोष असतो का?

नाही. आईच्या मायेचा ओलावा कमी पडला म्हणून मूल असे होते, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य डॉक्टरांनीच पसरवला आणि त्यामुळे हजारो आया विनाकारण अपराधी ठरल्या. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये या समजाला पुराव्यानिशी आव्हान दिले. ऑटिझममध्ये अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यात एक नव्हे तर असंख्य जनुके गुंतलेली असतात, हे आता जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून पक्के झाले आहे.

तरीही आपल्याकडे ग्रहणात भाजी चिरली, गरोदरपणी विड्या वळल्या, नोकरीला गेली, मोबाईल हातात दिला, अशी कारणे सुनेच्या माथी मारली जातात. तंबाखूच्या धुळीचे विडी कामगार स्त्रियांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. पण त्याचा आधार घेऊन मुलाच्या ऑटिझमचा ठपका आईवर ठेवता येत नाही. मोबाईल फार पाहिल्याने बोलण्याच्या आणि खेळण्याच्या संधी निश्चितच कमी होतात, परंतु त्याने ऑटिझम होत नाही.

लसीविषयीही हेच आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केवळ १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लसीकडे बोट दाखवणारा लेख लिहिला; तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि ब्रिटनमधील डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसीचा आणि ऑटिझमचा संबंध आढळला नाही.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी आणि आजोळी कन्नड. इतक्या भाषांमुळे मुलाचा गोंधळ होऊन तो बोलत नसेल का?

सोलापुरात हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो तितक्या वेळा तो अन्यत्र क्वचितच विचारला जात असेल, आणि त्याचे उत्तर चुकीचे मिळाल्याने झालेले नुकसानही येथेच जास्त दिसते. अनेक भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही, आणि ऑटिस्टिक मुलाचे बोलणे त्यामुळे अधिक लांबतही नाही. द्विभाषिक घरांतील ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या अभ्यासांचा निष्कर्ष तसाच आहे.

असे असूनही पूर्व भागातील एखाद्या पद्मशाली कुटुंबाला 'घरात तेलुगू बंद करा, फक्त मराठी किंवा इंग्रजी बोला' असा सल्ला सर्रास मिळतो. मग जी आजी केवळ तेलुगूच बोलते ती नातवाशी बोलायचीच थांबते, आई ज्या भाषेत रागावते, लाडावते आणि अंगाई म्हणते ती भाषा सोडून मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत त्याच्याशी बोलू लागते, आणि ज्या मुलाला आधीच माणसांशी नाते जोडणे कठीण जाते त्याच्याभोवतीची माणसे आणखी कमी होतात. घरातल्यांना जी भाषा मनापासून येते तीच त्यांनी बोलावी. थेरपी मराठीत चालत असली, तर त्या आठवड्यात शिकवलेले पाच-दहा शब्द घरच्या भाषेतही वापरावेत, म्हणजे 'पाणी' आणि 'नीळ्ळु' हे दोन्ही शब्द एकाच तांब्यासाठी आहेत हे त्याला कळेल. चित्रे दाखवून किंवा खुणा करून संवाद साधणाऱ्या मुलांना तर भाषेचा हा अडसर मुळातच कमी असतो. चित्रे दिल्याने मूल बोलायचे टाळते, ही भीतीही निराधार आहे.

'याचे वडीलही उशिराच बोलले होते' असे घरातील वडीलधारे म्हणतात. किती दिवस वाट पाहावी?

वाट पाहू नये. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायची एक साधी प्रश्नावली उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा तपासणीसाठी येतात, तेव्हा अंगणवाडीताईंना आधीच सांगून ठेवावे. निदान अनुभवी बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. त्यासाठी रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन पुरेसा नसतो, तर मुलाचे निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर बोलणे आवश्यक असते. वडील उशिरा बोलले होते ही माहितीही डॉक्टरांना जरूर द्यावी. तिने काळजी मिटत नाही, पण निदानाला मदत होते.

ही मुले डोळ्याला डोळा देत नाहीत. त्यांना माया नसते का?

माया असते, पण ती दाखवण्याची रीत निराळी असते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे हे पुष्कळ ऑटिस्टिक व्यक्तींना इतके तापदायक होते की पाहिले तर ऐकू येत नाही आणि ऐकायचे तर पाहता येत नाही. 'माझ्याकडे बघ आणि मग बोल' हा आग्रह सोडून दिला, तर तेच मूल भिंतीकडे पाहत तुम्हाला पूर्ण उत्तर देते.

याविषयी गेल्या काही वर्षांत विचारांत मोठा बदल झाला आहे. ऑटिस्टिक व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, असे पूर्वी एकतर्फी सांगितले जाई. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असा मुद्दा मांडला की समजण्यातील ही अडचण दोन्ही बाजूंची आहे, कारण इतरांनाही ऑटिस्टिक व्यक्तीचे मन कळत नाहीच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आपल्या कानगोष्टींच्या खेळाप्रमाणे एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची होती. त्यात केवळ ऑटिस्टिक व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट शेवटपर्यंत पोचली. अमेरिकेतील २०१७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात लोकांनी ऑटिस्टिक व्यक्तींचे काही क्षणांचे चित्रण पाहून त्यांच्याविषयी प्रतिकूल मत बनवले, पण त्याच व्यक्तींचे शब्द फक्त कागदावर वाचायला दिले तेव्हा ते प्रतिकूल मत उरले नाही. म्हणजे अडचण त्यांच्या बोलण्याच्या आशयात नसून आपल्या पाहण्यात होती. ऑटिस्टिक मुलांना 'सामाजिक कौशल्ये' शिकवण्यावर एवढा खर्च होत असताना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कौशल्यांचा वर्ग कोणीच का भरवत नाही, असा प्रश्न त्यामुळे पडतो.

भर बाजारात मूल जमिनीवर लोळते, किंचाळते. हा हट्ट समजून दटावावे की नाही?

हट्टाला उद्देश असतो; मागितलेले खेळणे मिळाले की तो थांबतो, आणि आई पाहते आहे ना याकडे हट्टी मुलाचे लक्ष असते. ऑटिस्टिक मुलाचा उद्रेक तसा नसतो. नवी पेठेत ऐन दिवाळीच्या गर्दीत कपड्यांच्या दुकानात काय काय एकाच वेळी घडत असते ते पाहा: डोक्यावर पांढऱ्या ट्यूबलाइटींची रांग, त्यांतील एक लुकलुकणारी, बाहेर रिक्षांचे हॉर्न, दारात ओरडून गिऱ्हाईक बोलावणारा पोऱ्या, नव्या कापडाच्या खळीचा वास, आणि मापाला म्हणून गळ्याशी कोणी तरी घट्ट धरलेला शर्ट, ज्याचे लेबल मानेला टोचत आहे. तुमचा-आमचा मेंदू यांतील बहुतेक गोष्टी आपोआप मागे सारतो. ज्याचा मेंदू तसे करत नाही त्याच्यावर त्या सगळ्या एकाच जोराने येऊन आदळतात, आणि सहनशक्ती संपली की मूल कोसळते. त्या वेळी काही मिळाले म्हणून ते थांबत नाही आणि दटावल्यानेही थांबत नाही.

अशा वेळी बोलणे कमी करावे, गर्दी बाजूला करावी, दिवा किंवा आवाज बंद करता येत असेल तर करावा आणि मूल स्वतःला इजा करून घेणार नाही एवढे पाहावे. बघ्यांनी मोबाईलवर चित्रण करू नये. दुकानदाराने फक्त 'ताई, आत गोदामात शांत जागा आहे, तिकडे बसा' एवढे म्हटले तरी त्या आईवरचा निम्मा भार उतरतो.

आवाजाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. यंत्रमागाच्या खडखडाटात निवांत झोपणारे मूल कुकरच्या शिट्टीने कान घट्ट दाबून घेऊ शकते, आणि मग 'मागाचा आवाज चालतो, शिट्टीच कशी चालत नाही? नाटक करतो' असे म्हटले जाते. मागाचा आवाज एका लयीत, सतत आणि अपेक्षित असतो. शिट्टी केव्हा होईल ते कळत नाही. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो अचानक येतो का, हे अनेकदा महत्त्वाचे ठरते.

मग गड्ड्याच्या यात्रेला किंवा गणपतीच्या मिरवणुकीला न्यायचेच नाही का?

न्यावे, मुलाला आवडत असेल तर. सिद्धेश्वरांची ही गड्डा यात्रा सोलापूरकर मुलाच्या वाट्याला येऊ नये असे कोणताही तज्ज्ञ म्हणणार नाही. मात्र तयारी हवी. आदल्या वर्षीचे फोटो दाखवून नंदीध्वज, बाराबंदीतील माणसे, होम मैदानावरील पाळणे हे सारे कोणत्या क्रमाने दिसेल ते आधी सांगावे. गड्डा बरेच दिवस चालतो, त्यामुळे अक्षता सोहळ्याच्या गर्दीऐवजी एखाद्या साध्या दिवशी, दुकाने नुकतीच उघडत असताना जावे. कानांवर लावायचे आवाज अडवणारे हेडफोन आणि खिशात नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी असावी. आणि मुलाने 'घरी' म्हटले की पाळण्याचे तिकीट वाया गेले तरी घरी यावे. शोभेचे दारूकाम गच्चीवरून, लांबून पाहणे पुष्कळ मुलांना आवडते, कारण प्रकाश दिसतो आणि धमाका सौम्य होऊन येतो.

मिरवणुकांतील ध्वनियंत्रणांबद्दल मात्र तडजोडीची भाषा वापरता येत नाही. छातीत धडधडणारा तो आवाज तान्ही बाळे, हृदयरोगी, म्हातारी माणसे आणि ऑटिस्टिक व्यक्ती या सर्वांनाच छळतो. ज्या मंडळांचे लेझीम पाहायला लोक मुद्दाम येतात, त्यांना भिंतीएवढ्या स्पीकरची गरज का भासावी, हे अनाकलनीय आहे.

मूल फक्त कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाते. लाड समजावेत का?

नाही. कडक भाकरी रोज तशीच कुरकुरीत लागते. वांग्याची भाजी मात्र दर घासाला निराळी लागते. जबरदस्तीने भरवू नये. ताटात नवा पदार्थ थोडासा, वेगळा ठेवावा आणि वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

मुलींमध्ये ऑटिझम नसतो का?

असतो, पण तो उशिरा ओळखला जातो, कधी चाळिशीतही. शांत राहणारी, मैत्रिणींचे पाहून तसेच हसणारी, घरी आल्यावर मात्र तासन्‌तास अंधारात पडून राहणारी मुलगी आपल्याकडे 'गुणाची' ठरते. आपले वागणे सतत झाकत राहण्याचा थकवा मोठा असतो आणि त्यातून नैराश्य येऊ शकते.

शाळेने 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून प्रवेश नाकारला. काय करता येते?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, त्यांत ऑटिझम आहे. या कायद्यानुसार शासकीय, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नकार लेखी मागावा. पुष्कळदा लेखी मागितल्याबरोबर सोय निघते. न निघाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि नंतर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

प्रवेशानंतरचे काम वर्गशिक्षकांचे. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत: पंख्याखाली न बसवता भिंतीच्या कडेला जागा देणे, दिवसाचा क्रम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवणे, तास बदलण्यापूर्वी पाच मिनिटे आधी सांगणे, एका वेळी एकच सूचना देणे, आणि हात हलवणे किंवा पुढे-मागे डुलणे यावरून हटकू नये. त्या हालचालींनी मूल स्वतःला सावरत असते. परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक या सवलती मिळू शकतात. त्यांचा अर्ज दहावीचे वर्ष सुरू होताच करावा.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले तर मुलावर शिक्का बसेल, असे वाटते.

शिक्का लोक प्रमाणपत्राशिवायही मारतातच. प्रमाणपत्र असले तर निदान हक्क तरी मिळतात. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि वैश्विक ओळखपत्र मिळते. तपासणीत वापरली जाणारी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. मुलाला ज्या गोष्टी जमत नाहीत त्या तेथे लपवू नयेत. 'आमचा हुशार आहे हो' म्हणून झाकपाक केली, तर टक्केवारी कमी येते आणि मिळू शकणारी मदत जाते. ऑटिझमसह काही दिव्यांगत्वांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो.

नातेवाईक म्हणून आम्ही काय बोलावे?

'कोणाची दृष्ट लागली?', 'दुसरे होऊ द्या, मग हा सुधारेल', 'बहिणीच्या लग्नाला अडचण येईल', ही वाक्ये पूर्णपणे टाळावीत. मुलाच्या समोर त्याच्याविषयी त्रयस्थासारखे बोलू नये. जो बोलत नाही त्याला ऐकू येते आणि कळतेही. लग्नाच्या आमंत्रणासोबत 'त्याच्यासाठी कार्यालयात वरची खोली रिकामी ठेवली आहे' असा निरोप द्यावा. रविवारी दोन तास मुलाजवळ बसून त्याच्या आईला झोपू द्यावे. चारचौघांत जाणीवपूर्वक अपमान करणे हा तर २०१६ च्या कायद्याने शिक्षापात्र गुन्हाच आहे.

मोठेपणी काम मिळते का, आणि आमच्यानंतर काय?

काहींना मिळते, काहींना आयुष्यभर आधार लागतो, आणि दोन्ही परिस्थितींत त्यांचा मान सारखाच राहायला हवा. शासकीय नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आदी गटांसाठी मिळून आहे. आपल्या शहरात टॉवेल-चादरींची घडी आणि तपासणी, गणवेशांचे पॅकिंग, हिशेबाच्या नोंदी अशी ठरलेल्या क्रमाची कामे पुष्कळ आहेत. मालकाने मुलाखतीतील गोड बोलण्यापेक्षा दोन दिवसांचे प्रत्यक्ष काम पाहावे आणि 'जरा हे बघून घे' असे मोघम न सांगता 'या वीस टॉवेलांची किनार तपास, सुटलेला धागा दिसला की लाल टोपलीत टाक' असे सांगावे.

मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ज्यांना खरोखरच गरज आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अंतर्गत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जो स्वतःचे निर्णय घेऊ शकतो त्याच्यावर हे पालकत्व लादू नये.

२ एप्रिलला आम्हाला कार्यक्रम करायचा आहे. कसा करावा?

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या ठरावानुसार २००८ पासून हा दिवस जागतिक ऑटिझम जागरूकता दिन म्हणून जगभर पाळला जातो. भर उन्हात, ढोल-ताशे लावून, ऑटिस्टिक मुलांना टोप्या घालून रस्त्यावरून चालवणे हा त्यांच्यासाठीच्या दिवसाचा सर्वांत चुकीचा उपयोग आहे, आणि सोलापूरचा एप्रिल तर सर्वांना ठाऊक आहेच. कार्यक्रम सकाळी आठला ठेवावा, सभागृहातील निम्मे दिवे बंद ठेवावेत, टाळ्यांऐवजी हात हलवावेत आणि बाहेर पडून बसण्यासाठी एक खोली ठेवावी. पाहुण्यांच्या भाषणांना दहा मिनिटे पुरतात. उरलेला वेळ ऑटिस्टिक प्रौढांना द्यावा. कोणी बोलेल, कोणी मोबाईलवर टंकून वाचून दाखवायला सांगेल, कोणी काहीच न बोलता बसून राहील. हारतुऱ्यांचा खर्च वाचला, तर त्यातून जवळच्या शाळेसाठी आवाज अडवणारे चार-पाच हेडफोन घ्यावेत.